आमच्या रक्तदाबाचे आकडे कोणाच्या कपाटात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दवाखान्याचे शटर ओढणार तोच एक जीप दारात येऊन थांबली. चार जणांनी एका माणसाला उचलून आत आणले. वय ४४. सदरा घामाने ओलाचिंब, चेहरा पांढराफटक, छातीवर मूठ आवळलेली. दुपारचे जेवण बाधले असेल म्हणून घरच्यांनी दोन तास ओवा आणि सोड्यावर काढले होते. कार्डिओग्रामची पट्टी यंत्रातून बाहेर येताना पाहिली आणि पुढचे काही विचारायची गरज उरली नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, आणखी जे देता येण्यासारखे होते ते दिले आणि त्याच जीपमध्ये आडवे करून संभाजीनगरला पाठवले. कन्नडपासून साठ किलोमीटर.

माणूस वाचला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळे शेत गहाण टाकावे लागले नाही. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या चार तासांत मेला, तो मेलाच. अद्रकाचे पोते एका झटक्यात पाठीवर घेणारा हा गडी आता माझ्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये थांबतो.

पंधरा दिवसांनी त्याची बायको कागदपत्रे दाखवायला आली. जाता जाता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मागं ते शहरातले लोक आले व्हते ना आपल्या गावात, पट्टा बांधून बी.पी. मोजायला? तुम्हीच म्हणाले व्हते, मोजून घ्या म्हणून. तवाच ह्यांचं जास्त निघालं व्हतं. लिहून नेलं त्यांनी. मग पुढं त्याचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे.

त्यांचे फंडिंग वेगळे, आमचे वेगळे

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेचे पथक आपल्या तालुक्यात आले होते. नाव सांगत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही, पद्धतीचा आहे. ग्रामीण भागात हृदयविकार किती, हे त्यांना पाहायचे होते. काम चांगले होते. मीच गावोगाव सांगितले की घाबरू नका, यात आपलेच भले आहे. मारुतीच्या देवळात टेबल मांडले. लोक शेतातली कामे टाकून उपाशीपोटी रक्त द्यायला आले. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, तंबाखू, मीठ, वडील कशाने वारले, असे चार-चार पानी फॉर्म भरले. ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला त्यांना एक चिठ्ठी मिळाली, "जवळच्या डॉक्टरांना दाखवा." त्या चिठ्ठ्या ट्रंकेत आणि देव्हाऱ्यामागे गेल्या. मीही त्यांचा पाठपुरावा केला नाही. दोषाचा तेवढा वाटा माझा आहे.

तीन वर्षांनी दुसऱ्या संस्थेचे पथक आले. गाव शेजारचे, प्रश्न जवळपास तेच. मी त्यांच्या तरुण पर्यवेक्षकाला विचारले, "आधीच्या मंडळींकडे ही सगळी माहिती आहे. ती तुम्ही घेतलीत का?" तो मनापासून आश्चर्याने म्हणाला, "सर, त्यांचं फंडिंग वेगळं, आमचं वेगळं."

परवाच्या त्या प्रश्नानंतर मी दोन पत्रे लिहिली. संस्थेने कळवले की प्रकल्प संपला, अनुदान बंद झाले, माहिती अनुदान देणाऱ्यांकडे सोपवली आहे. अनुदान देणाऱ्यांनी कळवले की आमच्याकडे फक्त अंतिम अहवाल असतो, मूळ माहिती संस्थेकडे असते. कापूसकोंड्याची गोष्ट!

वाचकहो, हृदयविकारावरच्या संशोधनाला पैसा अनेक दारांनी येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट, अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, औषध कंपन्या, धर्मादाय विश्वस्त निधी. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, अहवाल वेगळा आणि कपाटही वेगळे. रक्त मात्र ज्याच्या दंडातून काढतात तो माणूस एकच असतो. या कपाटांची दारे एकमेकांकडे उघडत नाहीत, म्हणून एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही दारे उघडली पाहिजेत, आणि ती उघडायची किल्ली पैसा देणाऱ्यांच्याच हातात आहे.

स्ट्रेप्टोकायनेजचा धडा

आकडे एकत्र न केल्याने काय होते? माझ्या पिढीच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक असलेल्या औषधाचे उदाहरण देतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आम्ही घाटीत शिकत असताना अमृतासारखे वाटे. सलाईनमधून हे औषध दिले की तासाभरात छातीतली कळ ओसरलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

या औषधाच्या १९५९ ते १९८८ या काळात एकूण ३३ चाचण्या झाल्या. वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या रुग्णालयांत. बहुतेक चाचण्या छोट्या होत्या, त्यामुळे एकेकटीकडून नक्की काही ठरत नव्हते. १९९२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्या साऱ्या वर्षांच्या क्रमाने मांडल्या आणि दुकानदार वहीत रोजची बेरीज पुढे नेतो तशी बेरीज करत गेले. निष्कर्ष धक्कादायक होता. १९७३ मध्येच, पहिल्या आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण झाल्यावर, या औषधाने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात हे बेरजेत स्पष्ट दिसत होते. त्यानंतर आणखी २५ चाचण्या झाल्या आणि त्यांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले. चाचणी म्हटली की तुलनेसाठी काहींना औषधाशिवाय ठेवावे लागते. म्हणजे उत्तर हाती असताना हजारो माणसांवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला.

यात कोणी खलनायक नव्हता. अशी बेरीज करण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, आणि १९८६ व १९८८ च्या दोन फार मोठ्या चाचण्यांनीच जगभरच्या डॉक्टरांची शंका फिटली, हेही खरे. पण १९७३ पासूनच्या त्या पंधरा वर्षांत ज्यांना हे औषध मिळाले नाही, त्यांच्या घरच्यांना हे समजावून सांगणे अवघड आहे.

दुसरे उदाहरण आकडे दडून राहण्याचे. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्केनाइड या हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या औषधाची हार्ट अटॅकच्या जेमतेम शंभर रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत नऊ जण दगावले, न घेणाऱ्यांत एक. औषध पुढे बाजारात आणायचे नाही असे व्यापारी कारणांनी ठरले आणि ती चाचणी छापलीच गेली नाही. ती प्रसिद्ध झाली १९९३ मध्ये. मधल्या काळात त्याच जातीची दुसरी औषधे जगभर वापरली गेली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत त्यांपैकी काहींनी मृत्यू वाढतात, हे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून उघड झाले. आमची चाचणी वेळेवर छापली असती तर धोक्याची घंटा आधी वाजली असती, असे त्या ब्रिटिश डॉक्टरांनीच पुढे प्रांजळपणे मान्य केले. नऊ आणि एक, हे दोन आकडे तेरा वर्षे कपाटात पडून होते.

एकच फॉर्म, बावन्न देश

आता उलट बाजू. आकडे एकत्र केले की काय हाती लागते?

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. वाढता रक्तदाब हा वयाचा धर्म आहे, असे तेव्हा भलेभले डॉक्टर मानत. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना सरकारी पैशाने तपासायला सुरुवात झाली आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला गेला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचे हृदयविकाराशी असलेले नाते या अभ्यासाने पक्के केले. त्याचे आकडे जगभरच्या संशोधकांना अभ्यासासाठी मिळत आले आहेत.

२००२ मध्ये ६१ वेगवेगळ्या अभ्यासांचे मूळ आकडे ऑक्सफर्डला एकत्र केले गेले. सुमारे दहा लाख माणसे. त्यातून कळले की चाळीस ते सत्तर या वयात वरचा रक्तदाब २० ने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो, आणि ही चढण १४० पासून नव्हे, ११५ पासूनच सुरू होते. "डॉक्टर, थोडंसंच तर वाढलंय" असे म्हणणाऱ्या रुग्णाला मी आज जे सांगतो, ते या बेरजेच्या जोरावर.

पण हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांचे. आपले काय? त्यासाठी इंटरहार्ट हा अभ्यास झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले सुमारे तीस हजार लोक, निम्मे पहिल्या हार्ट अटॅकचे रुग्ण आणि निम्मे तसे निरोगी. पैसा देणारे एक-दोन नव्हते. कॅनडातल्या सरकारी व धर्मादाय संस्था, अनेक औषध कंपन्या आणि देशोदेशीच्या संस्था अशी मोठी यादी होती. पण फॉर्म एक, मोजण्याची रीत एक आणि आकडे एका ठिकाणी. तंबाखू, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्या न खाणे, व्यायाम नसणे आणि दारूसंबंधीची सवय, या नऊ गोष्टींतच जगभरच्या नव्वद टक्के हार्ट अटॅकचा हिशेब लागतो, हे त्यातून दिसले.

त्याच आकड्यांतून दक्षिण आशियाचा वेगळा अहवाल २००७ मध्ये निघाला. त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक येण्याचे मधले वय ५३, बाकीच्या जगात जवळपास ५९. सहा वर्षांचा हा फरक एकट्या नागपूरच्या किंवा एकट्या कराचीच्या आकड्यांवरून कधीच सिद्ध झाला नसता. चाळिशीतला माणूस छाती धरून आला की आज मी "गॅस असेल" म्हणत नाही. आधी पट्टी काढतो.

आपल्या महाराष्ट्रात

हे सगळे लांबचे वाटत असेल तर जवळ पाहू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. वेलकम ट्रस्टचा पैसा आणि इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या संशोधकांची साथ होती. जन्मलेली बाळे दोन्हीकडे एकाच रीतीने मोजली. पुण्याकडच्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचे ३.५ किलो. पण आपले बाळ हाडामांसाने बारीक असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने राखून होते. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मधुमेह आणि हृदयविकार कसा होतो, याचा एक धागा तिथे सापडला. दोन देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले नसते तर आपल्या बाळांची चरबी कोणाच्या लक्षातही आली नसती.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघर जाऊन विचारले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे होते. म्हणजे दर सात मृत्यूंत एक. ज्या जिल्ह्याचे नाव घेतले की आपल्याला मलेरिया आठवतो, तिथे मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले! आणि पक्षाघाताच्या मुळाशी बहुतेक वेळा रक्तदाबच असतो. हे आकडे छापून सर्वांसमोर ठेवले, म्हणून "बी.पी. हा शहरातल्या शेठजींचा आजार" हे म्हणणे आता कोणाला शोभत नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ज ही संस्था यांनी मिळून रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. आपल्या राज्यात पहिल्यांदा सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात आले. ठरावीक औषधे, प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड आणि सर्वांची नोंद ठेवण्याची एकच रीत. कोण परत आला, कोण आला नाही, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, हे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरपर्यंत सर्वांना एकाच आकड्यांत दिसते. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवरचा पुरस्कार मिळाला. यात एकही नवे औषध नाही, एकही महागडे यंत्र नाही. पाच जणांनी एका वहीत लिहायचे ठरवले, एवढेच.

शब्द दिलेला आहे

कोणी म्हणेल, डॉक्टर स्वप्नरंजन करीत आहेत. तसे नाही. पैसा देणाऱ्यांनीच हे मान्य केले आहे. २००९ मध्ये दीर्घकालीन आजारांवरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या देशोदेशीच्या संस्थांची एक आघाडी झाली. आयसीएमआर तिची सदस्य आहे, आणि त्यांनी पहिला विषय घेतला तो रक्तदाबाचा. २०११ मध्ये वेलकम ट्रस्ट, गेट्स फाउंडेशन, अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ इत्यादींनी संशोधनातली माहिती वाटून घेण्याचे संयुक्त निवेदन काढले. मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या निवेदनावर आयसीएमआरची सही आहे. आम्ही पैसा दिलेली प्रत्येक चाचणी नोंदवली जाईल आणि तिचे निकाल ठरावीक मुदतीत जाहीर होतील, असा तो शब्द आहे. हृदयसंशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, अमेरिकन हार्ट असोसिएशन अशा बड्या संस्थांचाही आता एक सामाईक मंच आहे. आपल्या देशात औषधचाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून ती नोंद सक्तीची झाली.

तेव्हा प्रश्न शब्दाचा नाही, शब्द पाळण्याचा आहे. आणि तालुक्याच्या पातळीवर मला तो पाळलेला दिसत नाही.

हरकती रास्त आहेत

पहिली हरकत गुप्ततेची. ती मी सर्वांत गंभीर मानतो. "नाव काढून टाकू" एवढ्याने खेड्यात भागत नाही. दीड हजार वस्तीच्या गावात "शिंपी, वय ४५, डाव्या पायाने अधू" असे लिहिले तर नावाची गरजच काय? म्हणून वय पाच-पाच वर्षांच्या गटात, गावाऐवजी तालुका, अशी काळजी घ्यावी लागते. आणि आकडे मोकळे वाटायचे नसतात. वाचनालयात संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचावा लागतो, तशी सोय करता येते. इंग्लंडमध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या पुढाकाराने पाच कोटींहून अधिक लोकांच्या वैद्यकीय नोंदी अशाच बंदिस्त व्यवस्थेत जोडल्या गेल्या. संशोधक आत येतात, निष्कर्ष बाहेर नेतात, नोंदी आतच राहतात. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. विमा कंपनी किंवा नोकरी देणारा यांच्या हाती या नोंदी पडता कामा नयेत, ही अट लेखी हवी.

दुसरी हरकत, आपले रक्त आणि त्यांचे नाव. आपल्याकडचे आकडे परदेशी जायचे आणि मोठेपणा तिकडच्यांना, हा संशय निराधार नाही. पण त्यावर उपाय कपाटाला कुलूप लावणे हा नाही. आकड्यांचे घर इथेच असावे आणि कामात इथल्या संशोधकाला मानाचे पान असावे. नागपूर आणि पुण्याच्या उदाहरणांत ते घडले आहे.

तिसरी हरकत संशोधकांची. घाम आम्ही गाळला, आकडे फुकट का द्यायचे? खरे आहे. त्यांना ठरावीक काळ पहिला हक्क द्या, त्यांच्या कामाची जाहीर नोंद ठेवा. पण बियाणे तळघरात किती वर्षे ठेवायचे? त्याला कीड लागते.

आणि एक माझी स्वतःची हरकत. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा दंड सदऱ्यावरूनच बांधून, गोंगाटात मोजलेला रक्तदाब कितीही ठिकाणचा एकत्र केला तरी खोटाच राहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून माहिती वाटण्याआधी नीट मोजण्याची एक रीत सर्वांनी ठरवली पाहिजे.

काय व्हावे?

संशोधनाला पैसा देणाऱ्यांकडे एका तालुक्याच्या डॉक्टरची तीन मागणी आहेत.

एक, नवा अभ्यास मंजूर करण्याआधी या तालुक्यात हेच आधी कोणी मोजले आहे का, हे एका सामाईक यादीत पाहावे. असेल तर ते आकडे मागून घ्यावेत, आणि त्याच माणसांकडे पुन्हा जावे. त्याच त्याच प्रश्नांनी नवी गावे शिणवण्यापेक्षा जुन्या माणसांचे पुढे काय झाले हे कळणे कितीतरी मोलाचे आहे. फ्रेमिंगहॅमचे मोल त्यातच आहे.

दोन, अभ्यास संपल्यावर ठरावीक मुदतीत नावे झाकलेले आकडे सामाईक भांडारात जमा करावेत. आमच्याकडे घरकुलाचा शेवटचा हप्ता बांधकाम पूर्ण झाल्याचा फोटो चढवल्याशिवाय मिळत नाही. संशोधनाचाही शेवटचा हप्ता आकडे जमा केल्याशिवाय देऊ नये.

तीन, अनुदानातला थोडा हिस्सा गावाला परत जाण्यासाठी राखून ठेवावा. ज्या गावातून माहिती घेतली तिथल्या ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला निष्कर्ष मराठीत, एका पानावर मिळावेत. ज्यांचे आकडे धोक्याचे निघाले त्यांच्याकडे चिठ्ठीवर न थांबता माणूस परत जावा.

आणि वाचकांना माझी विनंती. पुढच्या वेळी असे पथक आले तर त्यांना हाकलू नका. त्यांची गरज आहे. पण चटई टाकण्याआधी चार प्रश्न विचारा. पैसा कोणाचा आहे? आमची माहिती कोणाकोणाला मिळेल आणि आमचे नाव कसे झाकाल? आमचा निकाल आम्हाला कधी आणि कोण सांगेल? काम संपल्यावर हे आकडे कुठे राहतील? उत्तरे लेखी मागा. सही करण्याचा जसा तुम्हाला हक्क आहे, तसा न करण्याचाही आहे. आणि मोजलेला आकडा त्यांच्या कागदावर जातो तसा तुमच्या कागदावरही लिहून घ्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइल नंबरइतका स्वतःचा रक्तदाब पाठ असायला हवा.

शेवटी घरचा हिशेब. दुसऱ्यांच्या कपाटांवर एवढे लिहिल्यावर माझ्या माळ्याकडेही पाहिले पाहिजे. तिथे पंचवीस वर्षांचे केसपेपर पोत्यांत बांधून ठेवले आहेत. मध्यंतरी उघडून पाहिले, दोन पोती वाळवीने खाल्ली होती. किती जणांचे रक्तदाब त्यात गेले, देव जाणे. आता मी रक्तदाबाच्या रुग्णांची साधी नोंदवही सुरू केली आहे. नाव, गाव, आकडा, पुढची तारीख. तारीख चुकली की कंपाउंडर फोन करतो. फार मोठे काम नाही, पण बारा वर्षांपूर्वी हे केले असते तर एक माणूस कदाचित आजही अद्रकाचे पोते उचलत असता.

त्याच्या बायकोच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. तिसरे पत्र पाठवले आहे. मागच्या आठवड्यात ती आपल्या मुलाला घेऊन आली. वय २१. नुकताच शेतीत उतरलेला, तोंडात गुटख्याची पुडी. रक्तदाब १४२/९२ निघाला. पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तेवढाच. आधी गुटखा बंद, मग पुन्हा तपासणी, असे ठरले. तो आकडा मी माझ्या वहीत लिहिला आणि मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून त्याच्या आईच्या हातात दिला. तिने ते कार्ड दोनदा वाचले, पिशवीत आत ठेवले आणि विचारले, "आता पुन्हा कवा आणायचं?"